एक गाणे हळू, पुढचे मोठे : आवाजाच्या पातळीमागचा इतिहास

सांगली-मिरजेच्या अनेक घरांत आता मोबाइलवरचे अ‍ॅप आणि ब्लूटूथने जोडलेला स्पीकर यांवरच गाणी ऐकली जातात, आणि जुने नाट्यपद संपून त्यामागोमाग नवे चित्रपटगीत लागले की आवाज कमी करायला धावावे लागते. याचा दोष स्पीकरला किंवा इंटरनेटला देणे बरोबर नाही. प्रत्येक गाण्याची पातळी त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीच ठरलेली असते, आणि ती ठरवण्याची रीत गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली आहे.

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. रेडिओच्या त्या काळात हा त्रास श्रोत्यांना फारसा जाणवत नसे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या दशकांतल्या तबकड्या लागत असल्या तरी प्रक्षेपण कक्षात बसलेला माणूस मापकाच्या सुईकडे पाहत प्रत्येक गाण्याची पातळी हाताने जुळवत असे. मध्यमलहरींवर ध्वनी मर्यादेबाहेर गेला की आवाज फाटतो, त्यामुळे त्याला वेसण घालणारी यंत्रणाही प्रक्षेपकाआधी बसवलेली असे. हे काम श्रोत्यांच्या कधी लक्षात आले नाही, यातच त्याचे यश होते. पुढे अ‍ॅप आले, गाण्यांची निवड श्रोत्याच्या हाती गेली, आणि पातळी जुळवणारा तो माणूस मधून निघून गेला.

तबकडीला स्वतःच्याही मर्यादा होत्या. आवाज मोठा, विशेषतः खर्जाचा, भरायचा तर खाच रुंद कापावी लागे. मग एका बाजूवर कमी मिनिटे मावत आणि सुई उडण्याची भीती राही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ही अडचण दूर केली, पण तिला एक पक्के छत होते : त्याच्या वर ध्वनिलहरीचे एकही शिखर, म्हणजे क्षणिक उच्चांक, जाऊ शकत नाही. कानाला मात्र मोठेपणा क्षणिक शिखरावरून जाणवत नाही, काही काळाच्या सरासरी शक्तीवरून जाणवतो. म्हणून शिखरे दाबून उरलेला सगळा ध्वनी वर उचलला की छत न ओलांडताही गाणे मोठे वाटते. १९९० च्या दशकात येणारे शिखर आधीच ओळखून दाबणारे डिजिटल लिमिटर स्टुडिओंत आले आणि हे काम सोपे झाले. दोन गाण्यांपैकी मोठे वाजणारे माणसाला प्रथमदर्शनी चांगले वाटते, त्यामुळे निर्मात्यांची चढाओढ लागली. या चढाओढीत तबल्याच्या थापेचा उठाव आणि शब्दांमधली शांतता या दोन्हींचा बळी गेला, आणि मला हे नुकसान पातळीच्या गोंधळापेक्षाही मोठे वाटते.

उपाय सुरू झाला तो मोजमापापासून. २००१ मध्ये रिप्लेगेन ही पद्धत मांडली गेली : गाण्याला हात न लावता त्याचा जाणवणारा मोठेपणा मोजायचा आणि वाजवताना तेवढी पातळी खाली-वर करायची. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोठेपणा मोजण्याची प्रमाण पद्धत प्रसिद्ध केली, आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने तिच्या आधारे प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस हे लक्ष्य ठरवले (एलयूएफएस हे जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक; ते डिजिटल छतापासून खाली मोजतात, म्हणून उणे आकडा जितका मोठा तितका आवाज हळू). संगीताच्या सेवांनी आपापली लक्ष्ये घेतली : स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये उणे १४ च्या आसपास, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ च्या आसपास. अ‍ॅप बदलले की आवाज बदलतो, त्याचे एक कारण हेच आहे. यूट्यूबवर मात्र मोठी गाणी खाली आणण्यावर भर राहिला. हळू गाणी वर उचलली जात नसल्यामुळे जुन्या तबकडीवरून कमी पातळीवर उतरवलेले पद तिथे हळूच राहते. इतर सेवांनाही अशी गाणी फार उचलता येत नाहीत, कारण एखादे शिखर छताला टेकलेले असते.

ख्यालाची अडचण आणखी वेगळी आहे, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याने व तंबोऱ्याच्या कारागिरांनी ओळखल्या जाणाऱ्या मिरजेच्या परिसरात ती विशेष जाणवते. मोजणीच्या सुधारित पद्धतीत, गाण्याच्या एकूण पातळीपेक्षा दहा एककांहून अधिक खाली असलेले भाग हिशोबातून वगळले जातात. त्यामुळे द्रुत लयीतला भरगच्च शेवट आकडा ठरवतो, तर तंबोऱ्यावर हलकेच सुरू होणारा आलाप मोजणीत जवळजवळ येतच नाही. चित्रपटगीतानंतर असा ख्याल लागला तर दोघांचे आकडे सारखे असूनही सुरुवात ऐकू येत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पातळी समान ठेवण्याचा पर्याय सुरू असावा, हे योग्यच. पण ख्यालाची यादी चित्रपटगीतांपासून वेगळी ठेवणे आणि त्याचा आवाज आलापाच्या वेळी नव्हे, तर द्रुत बंदिशीच्या वेळी कानाला सोसेल एवढा लावणे, हा आजही अधिक भरवशाचा मार्ग आहे.