फेकण्यासाठी घडवलेलं लोखंड : बाणाच्या टोकाची पार्श्वभूमी

मराठीत ‘भाता’ म्हटलं की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक लोहाराच्या भट्टीला वारा घालतो, दुसरा तिरंदाजाच्या पाठीवर असतो. मला हा योगायोग फार आवडतो, कारण पहिला भाता चालला नाही तर दुसऱ्यात नुसत्या काड्या उरतात.

लोहाराच्या दुकानात बाणाचं टोक ही तशी विचित्र वस्तू. विळा, कोयता, खुरपं, नांगराचा फाळ हे सगळं घरात राहण्यासाठी घडतं. झिजलं की परत भट्टीत येतं, शेवटी त्याचं दुसरं काहीतरी होतं. बाणाचं टोक मात्र हातातून जाण्यासाठीच घडवलेलं. ते गवतात हरवतं, दगडावर आपटून वाकतं, नाहीतर जखमी जनावराबरोबर रानात निघून जातं. त्यामुळे ज्याने ज्याने ते घडवलं त्याच्यापुढे एकच हिशोब होता : परत येईल की नाही याची खात्री नसलेल्या वस्तूवर धातू किती घालायचा आणि मेहनत किती करायची?

हा हिशोब पुणे जिल्ह्यात फार जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. घरं, धान्याची पेवं, दफनं, रंगवलेली भांडी असं सगळं मुबलक आहे. तांबं मात्र मोजकंच. ते बाहेरून यायचं, महाग पडायचं. रोजचं कापणं-सोलणं चालायचं ते गारगोटीच्या जातीच्या दगडातून काढलेल्या बोटभर पात्यांवर. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत चिकाने बसवली की विळा होतो, आणि काडीच्या टोकाला बसवली की बाण. एक पातं निखळलं तर दुसरं बसवायचं, दगडाला काही तोटा नव्हता.

त्याच घोड नदीच्या काठी चांडोली आहे. तिथे तांब्याची एक देखणी कट्यार मिळाली, मुठीच्या टोकाला दोन शिंगांसारखे फाटे असलेली. इतकं तांबं एकरकमी कुणाकडे असलं तर ते त्याच्या कमरेला राहणार, हरणाच्या मागे रानात फेकलं जाणार नाही. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात पाऊसपाणी आटलं, शेती मागे पडली आणि लोक शिकारीवर जास्त विसंबू लागले, असं उत्खनकांनी मांडलं. म्हणजे बाणाची गरज वाढली ती नेमकी हात आखडल्यावर.

तांब्याचं टोक कसं वागत असेल हे समजायला कसबा पेठेतली तांबट आळी गाठावी. पेशवाईपासूनची ही वस्ती. मठारकाम चालू असेल तर आळीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज लागतो. हंड्याच्या अंगावर शेजारी शेजारी पडणारे ते गोल ठसे नुसते शोभेचे नाहीत. तांबं थंड असताना ठोकलं की कडक होतं. फार ठोकलं की चिरतं. मग ते लाल तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. लोखंडाशी सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. पण तांब्याच्या पात्याला धार आणायची रीत हीच : शेवटचे ठोके थंड मारायचे आणि मग विस्तवाजवळ न्यायचं नाही. सिंधू संस्कृतीतली बाणाची टोकं अशीच पातळ, चपटी, पत्र्यातून कापल्यासारखी आहेत. मागे दोन काटे, मधे शिरा नाही. धातू वाचवण्याचा हिशोब त्या पत्र्यातच दिसतो.

लोखंड आल्यावर हिशोब बदलला. आपल्याकडे नागपूरजवळ नायकुंडला, सुमारे 2,700 वर्षांपूर्वीची, लोखंड गाळण्याची भट्टी डेक्कन कॉलेजच्याच पथकाला सापडली. लोहखनिज जागोजाग मिळतं, कोळसा रानातला, त्यामुळे धातू गावागावात पोचला. इ. स. पूर्व 480 मध्ये ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी फौजेत हिंदी तिरंदाजही होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्यांचं वर्णन थोडक्यात केलंय : अंगावर सुती कपडे, हातात वेताची धनुष्यं, वेताचेच बाण आणि त्यांना लोखंडी टोकं. अख्ख्या बाणात बाजारातली वस्तू तेवढी एकच, टोक. बाकी सगळं बेटातून तोडून आणलेलं.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात आयुधागाराच्या प्रकरणात बाणांच्या टोकांबद्दल एक ओळ आहे. मुखं तीन कामांची : छेदन, भेदन, ताडन. म्हणजे कापणारी, भोसकणारी आणि नुसता मार देणारी. आणि ती लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. लोखंडाच्या शेजारी लाकूड बघून बिचकायचं कारण नाही. पाखराला मारायला लाकडी बोंडाचा बाण पुरतो, पिसं फाटत नाहीत आणि लोखंड वाचतं. माझ्या मते या विषयावर पुढे जे काही लिहिलं गेलं ते सगळं या तीन शब्दांत मावतं.

टोकांच्या संस्कृत नावांत आकारच बोलतात. क्षुरप्र वस्तऱ्यासारखं, अर्धचंद्र नावाप्रमाणे, वत्सदंत वासराच्या दातासारखं, सूचीमुख सुईसारखं, कर्णी मागे वळलेल्या कानांचं. रुंद पात्याचं ते भल्ल. त्याच शब्दाचा पुढे आपला ‘भाला’ झाला, टोक वाढून काठीला लागलं. आणि अंगात रुतून बसणारं ते शल्य. शस्त्रक्रियेच्या शास्त्राला आयुर्वेदात शल्यतंत्र म्हणतात ते याच्यावरून. शल्य काढायचे मार्ग सुश्रुताने दोनच सांगितले : आलं त्या वाटेने मागे, नाहीतर गेलं त्या दिशेने पुढे ढकलून पार. कर्णी टोकाला पहिली वाट बंद असते, कान मांस फाडतात. मनुस्मृतीने युद्धात कर्णी आणि विषारी बाण निषिद्ध ठरवले. हरणाला अर्थातच हा नियम लागू नव्हता.

शिकारीचं टोक आणि लढाईचं टोक वेगळं का, हे इथे उलगडतं. चिलखतातून घुसायचं तर टोक अरुंद, जाड, खिळ्यासारखं लागतं. जनावराला चिलखत नसतं. बंदुकीच्या गोळीसारखा धक्काही बाण देत नाही. तो मारतो रक्तस्रावाने. म्हणून पातं रुंद हवं आणि धार अशी हवी की शीर सरकून बाजूला न होता कापली जावी. बोथट बाणाने जनावर मरत नाही, कुढत राहतं. शिकारीच्या धनुर्विद्येत सगळ्यात मोठं पाप हेच मानतात.

यापेक्षाही किचकट भाग म्हणजे टोक काडीला बसवणं. त्याच्या दोन रीती. एकीत पात्यामागे बारीक दांडी ओढायची आणि ती वेताच्या किंवा बोरूच्या पोकळीत लाखेने बसवायची, बाहेरून तात किंवा दोरा गच्च गुंडाळायचा. विळ्याची शेपटी तापवून लाकडी मुठीत ठोकतात, त्याची ही धाकटी बहीण. काडी आतून पोकळ असली की ही रीत सोपी पडते. दोरा नीट नसेल तर मात्र आपटल्यावर दांडी मागे घुसते आणि काडी उभी चिरते. दुसऱ्या रीतीत लोखंडाचा मागचा भाग पंख्यासारखा पसरून पातळ करायचा आणि निमुळत्या कांबीभोवती गुंडाळून नळी करायची. काडी नळीत जाते, त्यामुळे भरीव लाकडाला ही चांगली. पण ती गुंडाळी बाणाच्या रेषेत सरळ आली नाही तर सोडलेला बाण सरळ जात नाही. आपल्याकडचे जुने बाण बहुतेक बोरूचे, म्हणून टोकंही बहुतेक दांडीची.

मराठेशाहीत एक घोटाळा होतो तो शब्दाचा. बखरींत आणि पत्रांत ‘बाण’ आला की पुष्कळदा तो दारू भरलेला, आग ओकत जाणारा अग्निबाण असतो. बाणांचे उंट म्हणजे तेच ओझं. धनुष्याचा तो ‘तीर’, सोडणारा तिरंदाज. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली तोवर तोफा-बंदुकांपुढे तिराचा काळ सरला होता.

तो उरला डोंगरात. खानदेश-सातपुड्याचे भिल्ल, आपल्याकडचे ठाकर, कातकरी यांच्या घरात तीरकामठा राहिला. भिल्लांच्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्या चिरलेल्या कामटीची असते, विकत काहीच घ्यावं लागत नाही. टोकासाठी मात्र लोहार किंवा मोडीचं लोखंड लागणारच. मासे मारायच्या टोकाला काटे, मोठ्या जनावराला चपटं पातं, पाखराला बोंड. पुण्यात क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे आदिवासींची हत्यारं, अवजारं बघता येतात. असं टोक दिसलं तर जवळ जाऊन बघावं. हातोडीचे ठोके मोजता येतात इतकं ते साधं असतं.

आज जगभर छंद म्हणून हाताने टोकं घडवणारे लोक आहेत, त्यांचा धागा अमेरिकेत जातो. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ इशी नावाचा माणूस डोंगरातून खाली आला. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. बाटलीच्या काचेपासून तो सुरेख टोकं काढायचा. विद्यापीठातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य शिकले. इशी 1916 मध्ये वारला. पोप आणि त्यांचे जोडीदार आर्थर यंग यांनी पुढे मोठी शिकार केली ती स्वतः बनवलेल्या पोलादी टोकांनी : पातं कापायचं, नळीला खाच पाडून त्यात बसवायचं, डाग देऊन जोडायचं. 1934 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्याने शिकार करायचा पहिला हंगाम दिला, मागणी वाढली आणि टोकं कारखान्यात गेली. ज्यांना ते रुचलं नाही ते जुन्या करवतीच्या पात्यांतून पुन्हा हातानेच कापू लागले.

तिकडे टोकाचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. 125 ग्रेन हे नेहमीचं. हा आकडा आपल्याला परका वाटतो, पण सोनाराचा जुना तोळा इंग्रजांनी 1833 मध्ये 180 ग्रेनचाच ठरवला होता. तोळ्याच्या 96 गुंजा, म्हणजे 125 ग्रेनचं टोक सुमारे 67 गुंजांचं, आठ ग्रॅमच्या जरा वर. एवढ्याशा लोखंडासाठी एवढी उठाठेव.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नही शिकारच. तेव्हा पुण्यात कुणी असं टोक घडवून घेतलं तर ते हौसेपुरतं किंवा कपाटात ठेवण्यापुरतं. तिरंदाजीच्या मैदानावर चालतं ते गुळगुळीत गोळीसारखं टोक. पसरट पातं लक्ष्याच्या गादीच्या चिंध्या करतं.

तरी मी एक घडवून घेतलं. आधी हौसेने मोठा खिळा चपटा करून पाहिला होता. दिसायला छान झाला, पाण्यात बुडवला, आणि दारावर मारल्याबरोबर शेवग्याच्या शेंगेसारखा वाकला. खिळ्याच्या लोखंडात कार्बन नसल्यात जमा, त्याला कितीही पाणी द्या, ते चढत नाही. मग रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे गेलो. उसाचे कोयते चालले होते, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसलेला, घण बाईच्या हातात. मी कागदावर काढलेलं पातं दाखवलं. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही.

“कांडी आणली का?” बाईंनी विचारलं. “किती जाड हाय ते बघितल्याबिगर मागची बाजू कशी वडायची?”

कांडी म्हणजे बाणाची काडी, ती मी आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी ती चिमटीत फिरवून बघितली आणि पाट्याची बोटभर चीप छन्नीने तोडली. एवढासा तुकडा भट्टीतून ऐरणीवर येईपर्यंत निम्मा निवतो, दोन-तीन ठोक्यांत परत आत. कोयत्याला जेवढे फेरे झाले नसते तेवढे याला झाले. मग लाल करून तेलात, वरचा काळा थर दगडावर घासून पांढरा, आणि पुन्हा विस्तवाशी हळूहळू, पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग सरकेपर्यंत. रंग टोकाशी आला तसं बाईंनी “बास” म्हटलं. पैसे दोन खुरप्यांचे सांगितले. लोखंड दोन रुपयांचं नसेल, मी म्हटलं. “मग लोखंडच न्या की,” त्या हसून म्हणाल्या, आणि कुरुंदाच्या दगडाकडे बोट केलं, धार तुमची तुम्ही लावा म्हणून.