नॉइज काढा, पिसं राहू द्या
पक्ष्यांचे फोटो छपाईला देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळ्यात कोकणातल्या जंगलात टिपलेला तिबोटी खंड्या म्हणजे दाट झाडी, ढगाळ आभाळ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० किंवा त्याहून वर. अशा फोटोत नॉइज, म्हणजे दाणे आणि रंगीत ठिपके, येणारच. पण प्रिंट बिघडते ती बहुतेक वेळा नॉइज काढण्याच्या नादात पिसं पुसली गेल्यामुळे. थोडे दाणे भिंतीवरच्या प्रिंटमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मेणाचा झालेला पक्षी मात्र कितीही लांबून पाहिला तरी मेणाचाच दिसतो.

पिसंच का जातात?
पिसाच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना केसासारखे तंतू असतात. फोटोत हे तंतू एक-दोन पिक्सेल जाडीचे, आणि नॉइजचा दाणाही तेवढाच. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक नेहमी कळतोच असं नाही. रातव्यासारख्या पक्ष्याची तर अख्खी पाठच ठिपक्या-रेघोट्यांची, तिथे गोंधळ ठरलेलाच.

आधी जातात ती गाल, मान आणि छातीवरची बारीक पिसं, कारण तिथे कॉन्ट्रास्ट कमी असतो. डोळा आणि पंखांच्या ठळक कडा शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे फक्त डोळा झूम करून 'शार्प आहे' म्हणू नका. गाल आणि मान बघा.

फोटो काढताना
रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काढा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने नॉइज आधीच पुसलेला असतो, आणि त्यासोबत गेलेली पिसं परत आणता येत नाहीत.

आयएसओला घाबरून १६०० वर अंधारा फोटो काढायचा आणि नंतर दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळायचा, याने काहीच वाचत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत नॉइज उलट वाढतो. सेन्सरवर प्रकाशच कमी पडला, हे नॉइजचं मूळ कारण आहे. पक्षी स्थिर बसला असेल तर ट्रायपॉड लावून शटर १/२०० पर्यंत खाली आणा आणि दहा-पंधरा फोटो सलग घ्या, त्यातला एखादा तरी स्थिर निघतो. पांढऱ्या पिसांचा भाग जळू न देता (म्हणजे निव्वळ पांढरा होऊ न देता) जितकं उजळ एक्स्पोजर देता येईल तितकं द्या.

एडिटिंग: पक्षी वेगळा, मागचा भाग वेगळा
सगळ्या फोटोला एकच डीनॉइज (नॉइज काढणारं साधन) लावला की एक तर मागची झाडी दाणेदार राहते, नाही तर पक्षी मेणाचा होतो. म्हणून एकाच रॉमधून दोन फाइली काढा.

१. लाइटरूममध्ये डीनॉइज ६० ते ७० वर ठेवून एक फाइल काढा. ही मागच्या भागासाठी.
२. दुसरी २० ते ३० वर. ही पक्ष्यासाठी.
३. दोन्हींचा क्रॉप, लेन्स करेक्शन आणि रंग अगदी सारखे ठेवा. लेन्स करेक्शन एकीला असून दुसरीला नसेल तर चोचीची कड दुहेरी दिसते.
४. फोटोशॉपमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून पक्ष्याचा मास्क करा, म्हणजे पक्ष्यापुरतीच दुसरी फाइल दिसेल. मास्कची कड दोन-तीन पिक्सेल मऊ करा. मास्क सैल राहिला तर पक्ष्याभोवती दाण्यांची झालर उरते आणि कापून चिकटवल्यासारखं दिसतं. ही चूक सर्रास होते.

हे आकडे सुरुवातीचे समजा. आयएसओ आणि कॅमेऱ्यानुसार थोडे मागेपुढे होतील.

लाइटरूमचं डीनॉइज नसलेलं जुनं व्हर्जन असेल तर रंगीत ठिपक्यांसाठी कलरचा स्लायडर २५ ते ४० पर्यंत न्यायला हरकत नाही. फार पुढे नेलात तर खंड्याच्या चोचीचा केशरी रंग कडेबाहेर फिका पसरतो. ल्युमिनन्सचा (उजळ-गडद दाण्यांचा) स्लायडर मात्र जपून वापरा. पिसं खाणारा तोच.

डीनॉइजसारखं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं साधन कधीकधी नसलेली पिसंही रंगवतं. पक्षी मुळात फोकसबाहेर असेल तर मानेवर अळ्यांसारखी नक्षी उमटते. अशी फाइल कितीही घासली तरी उपयोग नाही, दुसरी फ्रेम निवडा.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी
आधी शार्प केलं की दाणेही शार्प होतात आणि मग ते निघता निघत नाहीत. लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवा: पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं. मागचा भाग पूर्ण काळा होईपर्यंत सरकवा.

किती साफ करायचं?
साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १०० टक्के झूम म्हणजे ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) प्रिंटच्या साधारण तिप्पट आकार. तिथले दाणे बघून स्लायडर ओढत बसू नका, ३३ टक्क्यांवर बघून ठरवा. १२ × १८ इंचांसाठी ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. क्रॉप करून ३००० × २००० च उरले असतील तर ८ × १२ घ्या, तिथे २५० पीपीआय मिळतात. त्याहून मोठी केली की नॉइजही त्याच पटीत मोठा होतो. मॅट कागदावर बारीक दाणे दबतात, ग्लॉसीवर उठून दिसतात.

आमच्याकडे देताना
१६ बिट टिफ (तपशील न गमावणारी फाइल) द्या, आणि सोबत डीनॉइज न केलेली दुसरी टिफही. मोठ्या प्रिंटआधी पक्ष्याच्या मानेचा ४ × ६ इंचांचा तुकडा त्या मोठ्या प्रिंटच्याच प्रमाणात छापून मागा. तो हातभर अंतरावर धरा, उन्हात नव्हे तर घरातल्या उजेडात, आणि मगच पुढची ऑर्डर द्या.