ऑनलाइन पोकर स्पर्धा

ठरावीक प्रवेशशुल्क भरून अनेक खेळाडू इंटरनेटवर एकाच वेळी खेळतात आणि सगळ्या चिप्स, म्हणजे बोली लावायच्या चकत्या, एकाच खेळाडूकडे जमा होईपर्यंत जी बाद पद्धतीने चालते, ती ऑनलाइन पोकर स्पर्धा. बहुतेक स्पर्धा ‘नो-लिमिट होल्डेम’ या प्रकाराच्या असतात. प्रत्येकाच्या हाती दोन बंद पाने येतात. टेबलावर आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर) अशी पाच सामाईक पाने उघडतात, आणि या सातांतली उत्तम पाच पाने हा खेळाडूचा हात धरला जातो. तीन पत्ती खेळलेल्यांना बोली वाढवण्याची धाटणी ओळखीची वाटेल.

पैशांच्या खुल्या टेबलावर, म्हणजे कॅश गेममध्ये, चिप म्हणजे रोकड. खेळाडू केव्हाही उठून ती वटवू शकतो. स्पर्धेत तसे नाही. इथली चिप वटत नाही. तिचा उपयोग फक्त टिकून राहण्यासाठी आणि दुसऱ्याला बाद करण्यासाठी. स्पर्धेचे जवळजवळ सगळे डावपेच या एका फरकातून निघतात, आणि नवे खेळाडू नेमके इथेच पैसे गमावतात.

प्रवेशशुल्काचे दोन भाग असतात. पोकरस्टार्स या संकेतस्थळाच्या ‘संडे मिलियन’ या 2006 साली सुरू झालेल्या प्रसिद्ध स्पर्धेचे शुल्क दीर्घकाळ 215 डॉलर होते. त्यातले 200 बक्षिसांच्या रकमेत जात आणि 15 कंपनीकडे. सुरुवातीला सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. डाव सुरू होण्याआधी दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमा, म्हणजे ब्लाइंड्स, काही मिनिटांनी वाढत जातात. त्यामुळे चांगल्या पानांची वाट पाहत नुसते बसून राहणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजतात. सुरुवातीचे काही तास उशिरा नाव नोंदवता येते, आणि अनेक स्पर्धांत बाद झालेल्याला पुन्हा शुल्क भरून परतही येता येते. खेळाडू कमी होत गेले की सॉफ्टवेअर टेबले मोडून उरलेल्यांना दुसरीकडे बसवते, आणि शेवटी एकच टेबल उरते.

समोरासमोरच्या टेबलावर तासाला साधारण पंचवीस-तीस डाव होतात; ऑनलाइन त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. निर्णयासाठी काही सेकंदच मिळतात, शिवाय अडचणीच्या प्रसंगासाठी थोडा राखीव वेळ, म्हणजे टाइम बँक. वीज गेली किंवा नेट तुटले तरी स्पर्धा थांबत नाही. गैरहजर खेळाडूची पाने टाकली जातात आणि त्याचे ब्लाइंड्स मात्र कापले जातात.

साधारणपणे दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळते. बक्षिसाच्या रेषेच्या अगदी अलीकडच्या टप्प्याला ‘बबल’ म्हणतात. या वेळी थोड्या चिप्स उरलेला खेळाडू मुद्दाम रेंगाळतो, म्हणजे दुसऱ्या टेबलावर कोणीतरी आधी बाद होईल आणि आपण बक्षिसात शिरू. तो डाव हाणून पाडण्यासाठी ‘हँड-फॉर-हँड’ खेळवतात: सगळ्या टेबलांवर एकच डाव एकाच वेळी वाटला जातो, आणि सर्वत्र तो संपेपर्यंत पुढचा वाटला जात नाही.

चिपचे मोल कसे बदलते हे एका उदाहरणातून स्पष्ट होते. समजा, तीन खेळाडू उरले आहेत आणि बक्षिसे दोनच आहेत: 70,000 आणि 30,000 रुपये. ‘अ’कडे एकूण चिप्सपैकी निम्म्या आहेत, ‘ब’ आणि ‘क’कडे प्रत्येकी पाव. पहिले येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली आणि दुसऱ्या क्रमांकाची शक्यता उरलेल्या दोघांतून त्याच रीतीने काढली, तर ‘अ’चा वाटा 50,000 नव्हे, 45,000 निघतो, आणि ‘ब’ व ‘क’चा प्रत्येकी 25,000 नव्हे, 27,500. आता ‘ब’ आणि ‘क’ सगळ्या चिप्स लावून एकमेकांना भिडले, तर हरणारा रिकाम्या हाताने जातो आणि जिंकणाऱ्याचा वाटा 50,000 होतो. म्हणजे भिडण्याआधी जिंकण्याची शक्यता किमान 55 टक्के हवी. नाणेफेकीसारख्या बरोबरीच्या लढतीत दोघांचेही सरासरी 2,500 जातात, आणि पान न उचललेल्या ‘अ’ला 5,000 मिळतात. या हिशोबाला ‘इंडिपेंडंट चिप मॉडेल’ किंवा आयसीएम म्हणतात. त्याचे सूत्र मुळात घोड्यांच्या शर्यतींसाठी डेव्हिड हार्विल यांनी 1973 साली मांडले; मेसन मालमुथ यांनी ते पोकरला लावले. बबलवर जास्त चिप्स असलेला खेळाडू सारखी बोली वाढवून बाकीच्यांना छळतो, त्यामागे हेच गणित आहे: त्याच्यापुढे पाने टाकून देणे इतरांना स्वस्त पडते, भिडणे महाग.

पानांपेक्षा टेबलावरची जागा (म्हणजे बोलीची आपली पाळी कधी येते ते) आणि समोरच्याची भीती ओळखण्याला किती महत्त्व आहे, हे नॉर्वेच्या अॅनेट ओब्रेस्टाड हिने 2007 साली दाखवून दिले. 180 खेळाडूंची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा तिने स्वतःची पाने जवळजवळ न बघता, एका डावाचा अपवाद वगळता, जिंकली. त्याच वर्षी ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ या मानाच्या स्पर्धामालिकेच्या युरोपातल्या आवृत्तीची मुख्य स्पर्धाही तिने जिंकली, एकोणिसावा वाढदिवस उजाडण्याच्या आदल्या दिवशी. हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, असे मानणाऱ्यांसाठी याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. तरी एका स्पर्धेतल्या निकालावर नशिबाचा पगडा मोठाच असतो. निष्णात खेळाडूही बहुतेक स्पर्धांत शुल्क गमावून बाहेर पडतो, आणि त्याचा वर्षाचा नफा मोजक्या मोठ्या बक्षिसांवर उभा असतो. हे न समजता उधारीवर खेळणाऱ्याचा संसार मोडतो. या खेळाविषयी लिहिताना ही गोष्ट तळटीपेत ढकलणे बरोबर नाही.

खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर 1998 च्या आरंभी सुरू झाला. स्पर्धांना खरी चालना मिळाली ती 2003 साली. टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस पोकरस्टार्सवरच्या 86 डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून, म्हणजे सॅटेलाइटमधून, लास वेगासच्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. तिचे थेट शुल्क 10,000 डॉलर होते. 839 खेळाडूंत तो पहिला आला आणि त्याने 25 लाख डॉलर जिंकले. पुढच्या वर्षी खेळाडूंची संख्या 2,576 झाली, 2006 मध्ये 8,773. त्याच वर्षीच्या अमेरिकी कायद्याने बेकायदा ऑनलाइन जुगाराच्या पैशांची देवघेव हाताळायला बंदी घातली, आणि 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळांवर कारवाई केली. या व्यवसायात तो दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. 2020 साली करोनामुळे वर्ल्ड सीरीजच ऑनलाइन भरली. जीजीपोकर या संकेतस्थळावरच्या तिच्या 5,000 डॉलर शुल्काच्या मुख्य स्पर्धेत 5,802 प्रवेश झाले आणि बक्षिसांची रक्कम 2 कोटी 75 लाख डॉलरच्या वर गेली.

पडद्यावर पत्ते पिसणारा हात दिसत नाही, म्हणून विश्वासाचा प्रश्न सुरुवातीपासून आहे. बावन्न पत्त्यांचे संभाव्य क्रम 68 अंकी संख्येत मोजावे लागतात. 1999 साली काही अमेरिकी संगणकतज्ज्ञांना असे आढळले की प्लॅनेट पोकरवर वापरले जाणारे सॉफ्टवेअर मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून पत्ते पिसते. दिवसभरात मिलिसेकंद 8 कोटी 64 लाखच. म्हणजे क्रमही तेवढेच. घड्याळ सर्व्हरशी जुळवले की शक्यता सुमारे दोन लाखांवर येत, आणि स्वतःची दोन पाने व फ्लॉप दिसल्यावर उरलेला सगळा कॅट कळत असे. आपले पिसणे निर्दोष आहे हे पटवून देण्यासाठी ती पद्धत सॉफ्टवेअर कंपनीनेच जाहीर केली होती, आणि दोष सापडला तो त्यामुळेच. म्हणून पद्धत उघड करण्याची ती प्रथा आजही आवश्यक वाटते.

दुसरा धोका आतल्या माणसाचा. 2007 साली अॅब्सोल्यूट पोकरच्या 1,000 डॉलर शुल्काच्या स्पर्धेत ‘पॉटरिपर’ नावाच्या खात्याने हातातले सर्वांत मोठे पान जेमतेम दहाचे असताना शेवटचा ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावलेली बोली, स्वीकारला आणि स्पर्धा जिंकली. संशय आलेल्या प्रतिस्पर्ध्याने आपल्या डावांची नोंद मागितली. कंपनीने पाठवलेल्या फाइलमध्ये चुकून सगळ्यांचीच बंद पाने आली, आणि टेबल कोण बघत होते तेही. खेळाडूंनीच ती पिंजून काढली: एक प्रेक्षक खाते पॉटरिपरच्या मागोमाग प्रत्येक टेबलावर फिरत होते, आणि त्याचा माग कंपनीच्या आतल्या वर्तुळापर्यंत पोहोचला. अलीकडे जास्त भीती आहे ती डाव चालू असतानाच उत्तर सुचवणाऱ्या संगणक-प्रणालींची, आणि एकाच माणसाने अनेक खात्यांनी खेळण्याची.

भारतात पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर उच्च न्यायालयांची मते जुळली नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली तो जुगार ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ऑनलाइन रमी व पोकरवरची बंदी रद्द केली. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भारतीय कंपन्यांनी आपली पैशांची टेबले लगेच बंद केली, आणि कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

गोव्यात मात्र मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो राज्याच्या 1976 च्या जुगारविषयक कायद्यातील दुरुस्त्यांनुसार चालतात. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. यांपैकी ‘डेल्टिन रॉयल’ या जहाजावरच्या पोकर स्पर्धांसाठी भारतीय संकेतस्थळांवर पूर्वी ऑनलाइन सॅटेलाइट होत, आणि थोड्या पैशांत पणजीतल्या त्या स्पर्धेत जागा मिळवायचा तो मार्ग होता. नव्या कायद्यानंतर प्रवेशशुल्काच्या अशा सॅटेलाइटना जागा उरलेली नाही.