राजीनामा वेगळा, स्वेच्छानिवृत्ती वेगळी

"पाटील सरांनी राजीनामा दिला म्हणे." "हो, व्हीआरएस घेतली त्यांनी." शिक्षक खोलीत एकाच माणसाबद्दल, एकाच मधल्या सुट्टीत ही दोन्ही वाक्यं ऐकू येतात आणि कुणाला काही खटकत नाही. वर्तमानपत्रंही तेच करतात. "पंधरा वर्षांच्या सेवेनंतर शिक्षिकेची स्वेच्छानिवृत्ती" असा मथळा मी स्वतः वाचला आहे. पंधरा वर्षांवर स्वेच्छानिवृत्ती सहसा मिळत नाही. त्या बाईंनी राजीनामाच दिला असणार.

अनुदानित माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवते. अक्षर बरं आणि भाषा बरी म्हणून सहकाऱ्यांचे अर्ज लिहून देण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्यामुळे हा घोळ माझ्यासमोर कागदावर येतो, आणि कागदावर तो फार महाग पडतो.

राजीनामा सगळ्यांना माहीत असतो. खाजगी शाळांसाठी १९८१ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्याप्रमाणे कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची. सुट्टी मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मे महिन्यात किंवा दिवाळीत नोटीस देता येत नाही, आणि नोटिशीच्या मुदतीत या लांब सुट्ट्यांचा एकही दिवस येता कामा नये. पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर तर नोटीस देताच येत नाही. मूळ १९७७च्या कायद्याचं कलम ७ मात्र मला फार मोलाचं वाटतं. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर, बिनतारखेचा राजीनामा लिहून घ्यायची रीत काही संस्थाचालकांत होती. म्हणून तर तारखेचा आणि पोस्टाचा एवढा आग्रह. सही करून टेबलावरून सरकवलेला कागद या कायद्यात राजीनामा म्हणून टिकेलच असं नाही. सक्तीने राजीनामा घेतला गेला असेल, तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत दाद मागता येते. हे तीस दिवस लक्षात ठेवा.

स्वेच्छानिवृत्ती येते ती राज्याच्या १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांतून, नियम ६६ प्रमाणे. वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा पूर्ण हवी आणि तीन महिन्यांची नोटीस हवी. मुदत संपेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने नकार कळवला नाही, तर त्या तारखेपासून माणूस निवृत्त होतो.

इथवर दोन्ही सारखंच वाटतं. तीन महिने इथेही, तीन महिने तिथेही. निरोप समारंभ तसाच, शाल-श्रीफळ तेच. अर्ज कुणाच्या नावे, कुणामार्फत, सोबत काय जोडायचं हे फरक कार्यालयातले लिपिक पाच मिनिटांत सांगतात, त्यात अडकू नका. खरा फरक एकच आहे, आणि तो कुणी नीट सांगत नाही.

राजीनामा दिला की मागची सेवा जाते. नुसती नोकरी संपत नाही, तर केलेली नोकरीही पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. त्याच १९८२च्या नियमांतला नियम ४६ सांगतो की राजीनाम्याने पूर्वीची सेवा जप्त होते. चोवीस वर्षं शिकवलंय, दहावीच्या चोवीस तुकड्या बाहेर काढल्यात, तरी राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी पेन्शनपुरती तुमची सेवा शून्य. भविष्य निर्वाह निधीतले स्वतःचे पैसे मिळतात, ते तुमचेच असतात. पेन्शन नाही. स्वेच्छानिवृत्ती ही मात्र निवृत्तीच आहे, अठ्ठावन्नच्या आधी घेतलेली. तिच्यात सेवा मोजली जाते आणि पेन्शन मिळते.

आता सगळा घात करणारा शब्दप्रयोग सांगते: "मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे." मोबाईलवर फिरणाऱ्या नमुना अर्जांत हे वाक्य हमखास असतं. स्वेच्छा हा शब्द दिसला की लोकांना वाटतं झाली स्वेच्छानिवृत्ती. नाही झाली. तिथे स्वेच्छेने याचा अर्थ एवढाच, की माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. क्रियापद राजीनाम्याचं आहे, आणि कार्यालय ते क्रियापद वाचतं.

वीस वर्षं भरलेली असली की राजीनामा आपोआप स्वेच्छानिवृत्ती ठरेल, हा तर सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. दिल्लीतल्या एका वीज कर्मचाऱ्याने १९९० साली राजीनामा दिला होता. आपली वीस वर्षं झाली होती, तेव्हा तो स्वेच्छानिवृत्ती समजून पेन्शन द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१९च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की वर्षं भरली होती की नव्हती हा प्रश्नच नाही, त्याने निवड राजीनाम्याची केली होती, आणि राजीनाम्याने सेवा जाते. खटला केंद्राच्या नियमांखालचा होता, पण आपला नियम ४६ त्याच घडणीचा आहे. एका शब्दासाठी माणूस एकोणतीस वर्षांनी हरला.

आमच्या गणिताच्या सरांचा कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आठव्या तासाला ते माझ्याकडे आले, हातात फुलस्केप, घडी घातलेली. त्या दिवशी सकाळपासून ते वर्गावर गेले नव्हते. यू-डायसमधली, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन माहितीतली, दुरुस्ती, आधार न जुळलेली अकरा मुलं, वर मतदार यादीचं काम. नववीच्या मुलांनी दारातून दोनदा विचारलं, "सर, तास घेणार ना?" दुसऱ्यांदा त्यांनी उत्तरच दिलं नाही. मला म्हणाले, "बाई, शिकवायला आलो होतो मी. तेवढं सोडून सगळं करतोय." कागदावर चार ओळी होत्या, शेवटची "तरी माझा राजीनामा मंजूर व्हावा ही विनंती." सेवा किती झाली विचारलं, तर म्हणाले, "वीस झाली की."

सेवापुस्तक काढलं. नेमणुकीपासून वीस वर्षं आणि दोन महिने झाले होते. पण मधे आई अंथरुणाला खिळलेली असताना त्यांनी पाच महिने बिनपगारी रजा घेतली होती. आजारी आई होती, सर नव्हते, म्हणजे त्यांच्या नावाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हतं. अशी असाधारण रजा सहसा अर्हताकारी सेवेत धरली जात नाही. म्हणजे हातात होती एकोणीस वर्षं नऊ महिने. नोकरीची वर्षं आणि अर्हताकारी वर्षं यांतला फरक लोकांना इथे कळतो, आणि फार उशिरा कळतो. अर्ज लिहिण्याआधी सेवापुस्तकातलं रजेचं पान बघा. वीसमध्ये एक महिना कमी असला तरी थांबा. विनाअनुदानित तुकडीवर वर्षं गेली असतील तर जास्तच जपून, कारण नेमणूक जुनी पण शंभर टक्के अनुदान १ नोव्हेंबर २००५ नंतर, अशांची भांडणं वर्षानुवर्षं कोर्टात चालली आहेत.

त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्यांचा हिशेब निराळा. त्यांना १९८२च्या नियमांतली जुनी पेन्शन सहसा नाही. त्यांची रक्कम एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) खात्यात असते आणि ती राजीनाम्याने बुडत नाही. मार्च २०२३मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर शाळा ओस पडल्या, त्या याच दुखण्यापायी. विनाअनुदानित किंवा इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत असाल, तर स्वेच्छानिवृत्ती या शब्दाला तुमच्याकडे फारसा अर्थ नाही. पण पाच वर्षं सलग झाली असतील, तर राजीनामा देऊनही उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं. उपदानाचा कायदा शिक्षकांना लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये कायम केलं. तुमच्या संस्थेने "आमच्याकडे तसं नसतं" म्हटलं तरी मागा.

शिक्षक शाळा का सोडतात यावर बोलणारेही हे दोन गट एकत्र कालवतात, त्याचा मला फार त्रास होतो. राजीनामा देणारा बहुतेकदा तरुण असतो. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढायची, तेही २०२३मध्ये वाढल्यावर प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये. घरापासून तीनशे किलोमीटरवर खोली भाड्याने घेऊन त्यात भागत नाही, मग तो तलाठ्याची परीक्षा देतो आणि जातो. (दुसऱ्या सरकारी नोकरीत रीतसर परवानगी घेऊन जाणाऱ्याची मागची सेवा शाबूत राहते. ती परवानगी न घेता धावत सुटू नका.) स्वेच्छानिवृत्ती घेणारा पन्नाशीच्या आसपासचा असतो. पगार त्याला पुरतो, शिकवायची हौसही असते. वर्ग हातातून काढून घेतला जातो, म्हणून तो जातो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाला देऊ देतं. रोजची माहिती भरण्याची कामं त्यात कुठे बसतात, हे मला कुणी दाखवून द्यावं. पहिल्याला मानधन वाढवून थांबवता येईल, दुसऱ्याला पैशाने थांबवता येणार नाही. दोघांना "नोकरी सोडणारे शिक्षक" अशा एका रकान्यात घातलं, की दोघांवरही चुकीचं औषध दिलं जातं.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानंतर तर माझ्याकडे रोज कुणीतरी घाबरून येतं. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची, नाहीतर बाहेर पडायचं, असं त्या निकालात आहे. "मग आत्ताच राजीनामा देऊन टाकू का?" नका देऊ. त्या निकालातही, पास न झालेल्यांना सक्तीने निवृत्त करता येईल आणि अर्हताकारी सेवा पुरी असेल तर नियमाने देय असलेले लाभ द्यायचे, असंच म्हटलं आहे. सक्तीची असली तरी ती निवृत्ती आहे. भीतीने आपणहून लिहिलेल्या राजीनाम्याला ते संरक्षण नाही.

गणिताच्या सरांच्या कागदावरचा "राजीनामा" मी खोडला नाही, तो कागदच माझ्या कपाटात ठेवून घेतला. तीन महिने उलटून गेल्यावर, वीस वर्षं खरोखर भरल्यावर, आम्ही नवा अर्ज लिहिला: "महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ अन्वये स्वेच्छेने सेवानिवृत्त होऊ इच्छितो." त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "नोटिशीचे तीन महिने नववीचे तास मलाच मिळतील ना?"