रेशियल प्रोफायलिंग (वंशाधारित संशय)

रेशियल प्रोफायलिंग : माणसाने काय केले यापेक्षा तो कोणत्या वंशाचा, वर्णाचा, धर्माचा किंवा देशाचा दिसतो यावरून पोलिसांनी वा सुरक्षा यंत्रणेने त्याच्यावर संशय घेणे, त्याला अडवणे, त्याची झडती किंवा चौकशी करणे. मराठीत याला ‘वंशाधारित संशय’ म्हणता येईल. वापरात मात्र इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहिला जातो. ही संज्ञा अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रचारात आली. तिच्यावरचे बहुतेक खटले, अहवाल आणि भांडणेही तिथलीच असल्याने या नोंदीचा भर अमेरिकेवर आहे.

एक भेद आधीच केलेला बरा. दुकान लुटणारा उंच, गोरा आणि तांबड्या केसांचा होता असे साक्षीदाराने सांगितले आणि पोलीस तशा माणसाच्या मागावर निघाले, तर ते प्रोफायलिंग नव्हे. ते वर्णन झाले. गुन्हा घडलेलाच नसताना, किंवा तो कोणी केला याचा काही धागा हाती नसताना, ‘असली माणसे असले धंदे करतात’ एवढ्यावर कोणाला अडवले की वाद सुरू होतो. कागदावर हा भेद स्वच्छ दिसतो, रस्त्यावर तितका नाही. ‘विशीतला काळा तरुण, गडद जॅकेट’ एवढ्याच वर्णनात एखाद्या वस्तीतली निम्मी पोरे बसतात.

महामार्गावरची सुरुवात

अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने (डीईए) १९८० च्या दशकात ‘ऑपरेशन पाइपलाइन’ ही मोहीम चालवली. माल घेऊन जाणारी गाडी कशी ओळखायची याचे धडे महामार्गावरच्या पोलिसांना देण्यात आले. त्यात वंशाचा निकष नव्हता असे खात्याचे म्हणणे. टीकाकारांच्या मते धडा रस्त्यावर पोचेपर्यंत तोच एक निकष उरला. काळ्या लोकांत याच सुमारास एक कडवट विनोद रुळला : ‘ड्रायव्हिंग व्हाइल ब्लॅक’. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याच्या नावावर तो बेतलेला आहे. इथे गुन्हा काळे असून गाडी चालवण्याचा.

या विनोदाला खटल्याचे रूप आले ते १९९२ मध्ये. रॉबर्ट विल्किन्स हे हार्वर्डमध्ये शिकलेले वकील. शिकागोहून आजोबांचा अंत्यविधी आटोपून ते नातेवाइकांबरोबर भाड्याच्या गाडीने परतत होते. मेरीलँड राज्यात पोलिसांनी गाडी थांबवली आणि झडतीला संमती मागितली. विल्किन्स यांनी कायद्याचा हवाला देऊन ती नाकारली. मग अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा येईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवले आणि पावसात रस्त्याकडेला उभे केले. कुत्र्याला काही सापडले नाही. वेगाबद्दल १०५ डॉलरची पावती तेवढी हाती आली. त्यांनी दावा लावला, तेव्हा पोलिसांचे एक अंतर्गत टिपण उजेडात आले : त्या भागात कोकेनचा व्यापार प्रामुख्याने काळे स्त्री-पुरुष करतात, अशी त्यात सूचना होती. १९९५ च्या तडजोडीनुसार राज्य पोलिसांना प्रत्येक झडतीची नोंद ठेवणे भाग पडले. विल्किन्स पुढे संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश झाले.

त्या नोंदींनी वादाची भाषा बदलली. तोवर एक बाजू अपमानाविषयी बोलत होती आणि दुसरी परिणामकारकतेविषयी. संख्याशास्त्रज्ञ जॉन लॅम्बर्थ यांनी मेरीलँडच्या आय-९५ महामार्गावर मोजणी केली. गाडी चालवणाऱ्यांत काळे सुमारे १७ टक्के होते, पण झडती झालेल्यांत ७० टक्क्यांहून अधिक. आणि झडतीत काही सापडण्याचे प्रमाण? काळ्यांच्या बाबतीत २८.४ टक्के, गोऱ्यांच्या बाबतीत २८.८ टक्के. पोलिसांचा अंदाज खरा असता तर पहिला आकडा बराच मोठा निघायला हवा होता.

‘केवळ’ या शब्दाचे वजन

वंश पाहून अडवणे चूक, हे आज अमेरिकेत जवळजवळ कोणीच नाकारत नाही. भांडण एका क्रियाविशेषणावर आहे. ‘केवळ वंशावरून’ अडवू नये असे म्हटले की सगळे मान डोलावतात, कारण केवळ वंशावरून कोणी अडवतच नाही. सोबत मागचा फुटका दिवा असतो, वळताना न दिलेला इशारा असतो, नाहीतर ‘संशयास्पद हालचाल’ असते.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल या जागी महत्त्वाचे ठरले. ‘टेरी विरुद्ध ओहायो’ (१९६८) या निकालाने अटकेइतका सबळ आधार नसतानाही, वाजवी संशयावर माणसाला थोडा वेळ थांबवून वरवर चाचपण्याची मुभा पोलिसांना दिली. ‘ब्रिग्नोनी-पोन्से’ (१९७५) हा खटला कॅलिफोर्नियातल्या सीमा गस्तीचा. गाडीतली माणसे मेक्सिकन दिसतात एवढेच कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र इतर कारणांच्या जोडीला तसे दिसणे हा एक संबंधित मुद्दा असू शकतो, अशी पुस्तीही जोडली. ‘व्हरेन’ (१९९६) या खटल्यात वॉशिंग्टन शहरात साध्या वेशातल्या पोलिसांनी वाहतुकीच्या नियमभंगासाठी गाडी अडवली आणि त्यांना कोकेन सापडले. नियम खरोखर मोडला असेल तर पोलिसाच्या मनात दुसरे काय होते हे अमेरिकी राज्यघटनेच्या झडतीविषयक दुरुस्तीखाली पाहायचे कारण नाही, असा एकमताचा निकाल लागला. वंशभेद झाला असे वाटत असेल तर समान संरक्षणाच्या कलमाखाली दाद मागा, असेही न्यायालयाने सुचवले. पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, आणि पोलिसाच्या मनातला हेतू कागदावर सापडणे विरळाच.

न्यूयॉर्कचे ‘स्टॉप अँड फ्रिस्क’

या वादाची सर्वांत मोठी परीक्षा न्यूयॉर्क शहरात झाली, ती रस्त्यात थांबवून अंग चाचपण्याच्या (‘स्टॉप अँड फ्रिस्क’) पद्धतीवरून. २००२ मध्ये तिथल्या पोलिसांनी ९७,२९६ वेळा लोकांना थांबवले; २०११ मध्ये ६,८५,७२४ वेळा. प्रत्येक वेळी ‘यूएफ-२५०’ हा फॉर्म भरायचा असे. त्यात कारणांच्या चौकटी होत्या, आणि ‘चोरट्या हालचाली’ व ‘गुन्हेगारीप्रवण भाग’ या दोन चौकटींवर खुणा भराभर पडत.

‘फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ या खटल्यात याच फॉर्मांनी पोलिसांविरुद्ध साक्ष दिली. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा लोक अडवले गेले. त्यांतले ८३ टक्के काळे किंवा हिस्पॅनिक (मुळात स्पॅनिशभाषक देशांतले) होते. शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा निम्म्याहून किंचित अधिक. ८८ टक्के वेळा ना अटक झाली, ना समन्स निघाले. अंग चाचपले गेले त्यांतल्या दीड टक्क्याकडे शस्त्र सापडले. शस्त्र मिळण्याचे प्रमाण अडवलेल्या काळ्यांत १ टक्का होते आणि गोऱ्यांत १.४ टक्के.

शहराचा बचाव पोकळ नव्हता. पोलीस तिथेच जास्त असतात जिथून मदतीचे फोन येतात. हिंसक गुन्ह्यांचे बळी आणि बळींनी सांगितलेले संशयित बहुसंख्य काळे व हिस्पॅनिक आहेत. मग तुलना लोकसंख्येशी कशाला, ती संशयितांच्या वर्णनाशी करा. महापौर मायकेल ब्लूमबर्ग तर म्हणाले की या हिशेबाने गोऱ्यांनाच जास्त अडवले जाते. गुन्हेगारीने पोळलेल्या वस्त्यांतल्या अनेकांना पोलीस हवेच होते, हेही विसरून चालणार नाही. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ऑगस्ट २०१३ च्या निकालात या युक्तिवादाचे मर्म पकडले : ज्यांना अडवले त्यांतले बहुसंख्य निर्दोष निघाले, तर त्यांची तुलना गुन्हेगारांशी करण्यात अर्थ काय?

हा मुद्दा साध्या अंकगणिताचा आहे, तरी तो वारंवार निसटतो. समजा एका गटात हजारातले दोघे बेकायदा शस्त्र बाळगतात आणि दुसऱ्यात एक जण. पहिला गट ‘दुप्पट धोकादायक’ झाला, बातमीला मथळा मिळाला. पण त्या गटातले ९९८ जण तरीही रिकाम्या खिशाने फिरत असतात, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर येते.

अपील न्यायालयाने पुढे शाइंडलिन यांना निःपक्षपातीपणाविषयी शंका येते या कारणावरून या खटल्यातून दूर केले. निकाल मात्र टिकला, कारण नवे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१४ मध्ये अपील मागे घेण्याचे ठरवले. २०१६ पर्यंत अडवणुकीचा आकडा १२,४०४ वर आला. गुन्हेगारी उसळेल हे भाकीत खोटे ठरले : २०११ मध्ये शहरात ५१५ खून झाले होते, २०१७ मध्ये २९२. (२०२० मध्ये खून वाढले, पण ते देशभर वाढले.)

यातली गंमत अशी की अडवणुकीच्या शिखरकाळातले पोलीस आयुक्त रेमंड केली यांनी आधी सीमाशुल्क खात्याचे प्रमुख असताना नेमके उलटे करून दाखवले होते. विमानतळावर काळ्या स्त्रियांच्या अंगझडत्या जास्त होतात असा गवगवा झाल्यावर १९९९ च्या सुमारास त्यांनी निकष बदलायला लावले : वर्ण नव्हे, वागणूक आणि ठोस माहिती पाहा. झडत्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या आणि माल सापडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले.

सुरक्षेच्या नावाने

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर वादाची बाजू फिरली. काळ्यांच्या बाबतीत प्रोफायलिंगला नाके मुरडणारेही विमानतळावर अरबी चेहऱ्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. २००२ मध्ये २५ देशांतून आलेल्या सोळा वर्षांवरील पुरुषांना सरकारदरबारी हजेरी लावण्याची सक्ती झाली. त्यांतले २४ मुस्लिमबहुल, पंचविसावा उत्तर कोरिया. भारत या यादीत नव्हता, पाकिस्तान आणि बांगलादेश होते. ८० हजारांहून अधिक जणांनी नोंद केली, १३ हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, आणि दहशतवादाचा एकही गुन्हा त्यातून शाबीत झाल्याचे पुढे आले नाही. ही योजना २०११ मध्ये थांबली. न्यूयॉर्क पोलिसांनी मुस्लिम वस्त्या, मशिदी, चहाची दुकाने यांवर पाळत ठेवणारा विभाग काढला होता; त्यातून तपासाचा एकही धागा मिळाला नाही, अशी कबुली वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ मध्ये शपथेवर दिली.

ठरावीक चेहरा शोधणाऱ्याला दुसरा चेहरा दिसत नाही, हा सुरक्षातज्ज्ञांचा जुना आक्षेप. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर आधी मध्यपूर्वेतल्या माणसांवर संशय गेला. टिमोथी मॅकव्हे हा गोरा माजी सैनिक सापडला तो गाडीला नंबरप्लेट नव्हती म्हणून अडवल्यामुळे.

भारतात हा शब्द घरोघरी पोचला तो ऑगस्ट २००९ मध्ये, शाहरुख खान यांना नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवले तेव्हा. आपल्याकडे त्यावर बरीच आगपाखड झाली. ती करताना घरचा इतिहास फारसा कोणाला आठवला नाही.

इतर देश

ब्रिटनमध्ये १८२४ च्या भटकेविरोधी कायद्यातले ‘सस’ म्हणून ओळखले जाणारे कलम केवळ संशयावर अटकेची मुभा देई. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात काही दिवसांत ९०० हून अधिक जणांना अडवले गेले आणि दंगल पेटली. त्याच वर्षी ते कलम गेले. फ्रान्समध्ये वंशाची सरकारी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भेदभाव झाला हे मोजायचीच पंचाईत. तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा ओळखतपासणीसाठी सरकारला जबाबदार धरले.

भारतात प्रश्न वंशापेक्षा जातजमातीचा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू होण्याची सोय झाली. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, बेरड, मांग-गारुडी अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी देणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत (‘सेटलमेंट’मध्ये) राहणे हे त्यांच्या वाट्याला आले. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून आहे. इथे ‘केवळ’ या शब्दाचा आडपडदाही नव्हता. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला (हाच विमुक्त दिन), पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि चोरी झाली की आधी पारधी बेड्यावर जायची पोलिसी सवय कायद्याबरोबर गेली नाही. मागास जमातींच्या लोकांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये (पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदीत) यांत्रिकपणे चढवू नयेत, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले. कारागृहांतील जातिभेदाविषयीच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पाहण्याचा आदेशही दिला.

अलीकडचे वळण

जुलै २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने इमिग्रेशन अधिकाऱ्यांना चार गोष्टींच्या आधारावर लोकांना अडवण्यास मनाई केली : दिसणारा वंश, स्पॅनिश किंवा वेगळ्या ढंगाचे इंग्रजी बोलणे, गाड्या धुण्याची ठिकाणे वा मजूरअड्ड्यासारखी जागा, आणि कामाचा प्रकार. या चारांतली एक किंवा सगळी मिळूनही संशयाला पुरेशी नाहीत, असे त्या आदेशाचे म्हणणे होते. ८ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला. बहुमताने कारणे दिली नाहीत. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी मात्र स्वतंत्र मत लिहून १९७५ च्या ब्रिग्नोनी-पोन्से निकालाचा आधार घेतला : वंश एकटा पुरेसा नाही, इतर गोष्टींच्या जोडीला तो विचारात घेता येतो. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आणखी दोघींसह त्याविरुद्ध मत नोंदवले.