दोरीतील ताणबलाची दिशा

दोरी, साखळी किंवा तार तिला बांधलेल्या वस्तूला ज्या बलाने ओढते, ते ताणबल. ते दोरीच्याच रेषेत असते आणि वस्तूपासून दूर, दोरीच्या बाजूला वळलेले असते. लवचीक दोरीला ढकलता येत नाही. ढकलू गेल्यास ती सैल पडते आणि ताण शून्य होतो.

दोरीला मध्ये कुठेही छेद घेतला, असे मानले तर दोन्ही तुकडे एकमेकांना सारख्याच बलाने ओढत असतात. त्यामुळे कोणत्या वस्तूवरचे बल काढायचे, हे आधी ठरवावे लागते. वांद्रे–वरळी सागरी सेतूची एकच तिरपी केबल पुलाच्या रस्त्याला वर आणि मनोऱ्याकडे ओढते. मनोऱ्याला मात्र खाली आणि रस्त्याकडे. दोन्ही बाजूंच्या केबलींचे आडवे घटक बहुतांशी एकमेकांना रद्द करतात, मनोऱ्यावर उरतो तो खाली दाबणारा भार.

गती पाहून बाण काढणे ही आकृतीतली नेहमीची चूक. लिफ्ट खाली जात असली तरी दोर तिला वरच ओढतो. ८०० किग्रॅची लिफ्ट १ मी/से² त्वरणाने खाली निघाली तर ताण ८०० × (९.८ − १) = ७,०४० न्यूटन, तेवढ्याच त्वरणाने वर निघाली तर ८,६४० न्यूटन. बदलतो तो आकडा, दिशा नाही.

दिशेचा खरा हिसका दहीहंडीच्या दोरात दिसतो. लालबागच्या गल्लीत दोन इमारतींच्या कठड्यांना बांधलेल्या दोराच्या मध्यावर १० किग्रॅची हंडी असेल, तर ९८ न्यूटन वजन पेलतात ते फक्त ताणाचे उभे घटक:

ताण = वजन ÷ (२ × साइन कोन)

दोर आडव्याशी ३०° कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला ताण ९८ न्यूटन. ५° असेल तर सुमारे ५६२ न्यूटन, म्हणजे वजनाच्या जवळजवळ पावणेसहा पट. शून्य अंशाला उभा घटकच उरत नाही, म्हणून कितीही ओढला तरी हंडीसकट दोर सरळ होत नाही. दोर जितका ताठ, तितकी कठड्यावरची ओढ जास्त, आणि ती जवळजवळ आडवी, रस्त्याकडे. त्यात गोविंदा दोराला लोंबकळला की हीच ओढ कित्येक पट होते. म्हणून दोराला पुरेसा झोळ ठेवावा आणि टोक कठड्याऐवजी भक्कम खांबाला बांधावे.

वजनरहित दोरी आणि घर्षणरहित, हलकी कप्पी धरली तर कप्पीवरून दिशा वळते, ताण तेवढाच राहतो. जड दोर स्वतःच्या वजनाने वाकतो. तिथे ताण प्रत्येक बिंदूला स्पर्शरेषेत असतो आणि टोकांकडे वाढत जातो.