गाडीची झडती: पत्रादेवीपासून काठमांडूपर्यंत

गोव्याहून येताना हद्दीवरची पत्रादेवी मागे पडली की आमच्याकडच्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. कुणी हात दाखवो न दाखवो. मागे बसलेला काका उगाच पिशवी पायाखाली सरकवतो, काच खाली होते आणि प्रश्न येतो, "गाडयेत काय हा?" बहुतेक वेळा काजू असतात आणि बेबिंक असतं. डिकी उघडते, टॉर्च एकदा इकडून तिकडे फिरतो, डिकी बंद होते. पाव मिनिटाचा खेळ. तरी बांदा येईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही.

हल्ली आमच्याकडचे काही जण स्वतःची गाडी घेऊन नेपाळ-भूतानला जाऊन येतात आणि तिथल्या सीमेवरच्या तपासणीच्या गोष्टी मोठ्या नवलाने सांगतात. मला नवल वाटतं ते त्यांच्या नवलाचं. कारण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत परदेशाची सीमा आमच्या परसात होती. आजोबांच्या पिढीला सासरवाडीला जायचं तरी कस्टमवाल्यांच्या पुढ्यातून जावं लागे.

ही रेघ एकदम ओढलेली नाही. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या सावंतांकडून घेतला तो १७४६ साली. पेडणे महाल त्यांच्याकडे गेला १७८८ मध्ये. तेव्हापासून तेरेखोल नदीच्या आसपासची हद्द साधारण कायम झाली. साधारण म्हणायचं, कारण खुद्द तेरेखोल गाव नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्या बाजूला आहे आणि तरीही गोव्यात आहे. नकाशा पाहून नदी म्हणजे सीमा असं समजणाऱ्या माणसाला तिथे उभं करून दाखवावं. आरोंदा, सातार्डा, बांदा, दोडामार्ग ही आमची बाजाराची गावं तेव्हा हद्दीवरची गावं होती.

हद्द आली की जकात आली. सावंतवाडी संस्थानाने जकात वसुलीचा हक्क १८३८ मध्ये इंग्रजांकडे दिला, याचं कारणही ही हद्दच. पोर्तुगीज मुलखाला लागून असलेली एवढी लांब सीमा संस्थानाच्या शिपायांवर सोडायला कंपनी सरकार तयार नव्हतं. त्या काळी तपासायचं ते काय? घाटावर जाणारे लदणीचे बैल, बैलगाड्या, खाडीतल्या होड्या. गोणी उतरवायची, तोंड सोडायचं, आत सळई खुपसून बघायची. डिकीत फिरणाऱ्या टॉर्चचा पूर्वज म्हणजे ही सळई.

आणि त्या सळईला जे शोधायचं असे ते मीठ. इंग्रजांचा मिठावर भारी कर आणि गोव्यातलं मीठ स्वस्त, त्यामुळे ते चोरवाटांनी घाट चढे. शेवटी इंग्रजांनी दुसराच उपाय काढला. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा करार झाला आणि १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला. हद्दीवरची जकातच उठवली. बदल्यात गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आणि पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. पोर्तुगीजांना मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे न्यायची होती, तिलाही या कराराने वाट करून दिली. म्हणजे बारा वर्षं या हद्दीवर कुणाची गोणी सोडली जात नव्हती. ऐकायला छान वाटतं, पण मिठागरांवर पोट असलेल्या गोव्यातल्या गरिबांना या मोकळिकीची किंमत मोजावी लागली. १८९२ मध्ये कराराची मुदत संपली, तो पुन्हा केला गेला नाही आणि नाके परत बसले.

पुढे १९२४ मध्ये हिंदुस्थान सरकारने जमिनीवरच्या जकातीचा स्वतंत्र कायदा केला. समुद्राचा होता, १८७८ चा. खुष्कीच्या हद्दीसाठी आता हा. दरम्यान रस्त्यावर मोटारी आल्या होत्या आणि तपासणीवाल्यांपुढे नवा पेच उभा राहिला. बैलगाडीवर चढलं की सगळं दिसतं, तिच्यात लपवायला जागा नसते. मोटारीला दाराच्या पत्र्याआड, सीटखाली, स्टेपनीत, पेट्रोलच्या टाकीला लागून अशी पोकळीच पोकळी. शिवाय गाडी स्वतःच महागडा माल. आत काय आहे याच्याइतकाच प्रश्न असा, की ही गाडी फिरायला आली आहे की विकायला?

एक गोष्ट मात्र या हद्दीवर सोपी राहिली. पोर्तुगालने १९२८ च्या जूनमध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोव्यात ती डावीकडेच ठेवली, कारण भोवती सगळा इंग्रजी मुलूख. नाहीतर पत्रादेवीला झडती देऊन झाल्यावर बाजूही बदलावी लागली असती.

खरा ताण आला तो १९४७ नंतर. भारताने सोन्याच्या आयातीला बंदी घातली होती, परदेशी मालावर जबर निर्बंध होते आणि पत्रादेवीच्या पलीकडे तेच सगळं उघड मिळत होतं. सोनं, घड्याळं, फाउंटन पेनं, नायलॉनचं कापड, दारू. इकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि दारूच्या बाबतीत तर हद्दीच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगं झाली. त्या वीस पावलांत वस्तूची किंमत बदलायची. किंमत बदलते तिथे वाट फुटते, आणि वाट फुटते तिथे शिपाई उभा राहतो. पलीकडे त्यांचे ग्वार्द फिश्काल, म्हणजे जकातीचे शिपाई, अलीकडे आपले कस्टमवाले. दोघांच्या मध्ये गाडी दोनदा रिकामी व्हायची.

१९५४ पासून राजकारण तापलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला कर्नेलसिंग बेनिपाल पडले. तिथलं स्मारक हायवेवरून जाताना दिसतं, आणि गाडी हळू झालेलीच असते तर दोन मिनिटं उतरायला हरकत नाही. त्यानंतर भारताने हद्द जवळपास बंदच केली. रेल्वे थांबली, माल थांबला. गोव्याला बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून बोटीने आणायची वेळ आली. पेडण्यातली लेक सावंतवाडीला दिलेली असेल तर तिच्या माहेरपणालाही परवाना.

डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य याच रस्त्यांनी, दोडामार्गाकडूनही आत गेलं आणि १९ तारखेला पोर्तुगीज अंमल संपला. आंतरराष्ट्रीय फाटक गेलं. पण गंमत बघा, लगेच पुढच्या वर्षी १९६२ चा सीमाशुल्क कायदा झाला आणि समुद्राचा व जमिनीचा असे दोन्ही जुने कायदे त्यात एकत्र आले. गाडी थांबवण्याचा आणि झडती घेण्याचा अधिकार त्याच्या कलम १०६ मध्ये आहे. त्याहून बोलकं कलम ११५. माल लपवण्यासाठी गाडीत मुद्दाम चोरकप्पा केला असेल तर गाडीच जप्तीला पात्र. आणि चोरटा माल वाहणारी गाडी वाचवायची असेल तर मालकाला हे सिद्ध करावं लागतं, की आपल्याला, आपल्या माणसाला आणि गाडी चालवणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिघांनाही. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. दारूबंदी कायद्यात तर जप्तीच्या यादीत जनावरं, गाड्या आणि होड्या अशी जुनी ओळ अजून आहे, म्हणजे दारू वाहणारा बैलसुद्धा सुटत नाही. पत्रादेवीला आज जी डिकी उघडते ती याच दारूबंदी कायद्याखाली. हद्द राज्याची झाली, हायवे सतराचा सहासष्ट झाला, दारूच्या दरातला फरक तसाच राहिला.

कोकणची परदेशाला लागलेली दुसरी सीमा म्हणजे समुद्र, आणि ती कुणी उठवू शकत नाही. गोव्याचं फाटक गेल्यावर परदेशी माल किनाऱ्यावर उतरू लागला. माल एकदा पुळणीवर आला की पुढे त्याला ट्रकच लागतो, म्हणून समुद्राची झडतीही शेवटी रस्त्यावरच होते. किंवा होत नाही. १९९३ च्या जानेवारीत दिघीला उतरलेला शस्त्रांचा माल घेऊन निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. अडवले, पैसे ठरले आणि सोडले. पुढे फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं मेली. फाट्यावरच्या पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना टाडा न्यायालयाने दोषी ठरवलं. गाडीच्या तपासणीचा इतिहास सांगताना हा फाटा वगळता येत नाही. झडतीचं सगळं शास्त्र तिथे एका माणसाच्या हो-नाहीवर आलं होतं.

आता नेपाळवाल्यांकडे येऊ. त्यांनी तिथे पाहिलेली तपासणी दोन वेगळ्या धाग्यांची आहे. एक धागा गाडी चालण्यालायक आहे का हा. मोटारी देश ओलांडू लागल्यावर १९०९ मध्ये पॅरिसला ठरलं, की गाडी आपल्या देशात तपासलेली असली तर दुसऱ्याने तिची पुन्हा परीक्षा घेऊ नये, दाखला मानावा. १९२६ चा पॅरिसचा आणि १९४९ चा जिनिव्हाचा करार त्याच वाटेने गेले. जिनिव्हाच्या करारात भारत आहे आणि आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स त्याच्याच आधारावर मिळतं. म्हणून सीमेवर कुणी तुमचे ब्रेक तपासत बसत नाही.

दुसरा धागा जकातीचा, म्हणजे आमच्या सळईचा. तिथे बघतात ते चासी नंबर आणि इंजिन नंबर. आरसी बुकावरचा आकडा आणि गाडीवर कोरलेला आकडा जुळला पाहिजे, कारण आत आलेली तीच गाडी बाहेर गेली पाहिजे. भारतीय गाडीला नेपाळमध्ये जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचा पैसा सीमेवर भरून पावती घ्यायची, त्याला ते भन्सार म्हणतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र जवळ ठेवायचं. भावाची गाडी घेऊन जाणारे इथेच अडतात.

लांबच्या काही देशांना मात्र कार्ने लागतं. गाडीचा पासपोर्टच म्हणा, मुदत एक वर्षाची. प्रत्येक पानाचे तीन तुकडे. शिरताना एक फाडून घेतात, निघताना दुसरा, तिसरा शिक्के मारून तुमच्याकडे राहतो. गाडी तिकडेच विकली तर कर बुडेल, म्हणून ते देणारी मोटार संघटना तुमच्याकडून आधीच हमी घेते. निघताना रांग लांब असते, पोरं कंटाळलेली असतात आणि बाहेरचा शिक्का राहून जातो. मग गाडी कुडाळला तुमच्या अंगणात फणसाखाली उभी असली तरी कागदावर ती त्या देशातच असते आणि तिच्या कराची मागणी तुमच्या नावाने येते.